सही करून नाही राहिलो

बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि बत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांतून एकच गोष्ट लाल शाईनं खोडत आले. ‘मी अभ्यास करून राहिलो.’ खोड. ‘आई स्वयंपाक करून राहिली.’ खोड. वर लिहायचं, ‘करत आहे’. नागपूरच्या मुलाच्या तोंडात हे ‘राहिलो’ दुधाच्या दातांबरोबरच येतं. मी जेवून राहिलो म्हणजे मी आत्ता जेवतो आहे, जेवून कुठं मुक्काम ठोकलेला नाही. इकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्याहून नवा आलेला माणूस मात्र गोंधळतो, त्याला वाटतं कोणी तरी जेवला आणि तिथंच राहिला. वर्गात हा किस्सा सांगून मी मुलांना हसवायचे. मग एखाद्या दिवशी हसता हसता मी मध्येच फळा पुसायला वळायचे. फळा पुसून झाला की तास पुढं चालू.

माझं माहेर नागपुरातच, महाल भागाच्या मागच्या अंगाला, विणकरांच्या वस्तीत. घराघरात माग. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला. पहाटे जाग यायची ती इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या खटखटीनं. त्या वस्तीतून मॅट्रिक होऊन मास्तरकीच्या कोर्सला गेलेली मी पहिली मुलगी. कोर्सच्या पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी मला उभं करून दोन वाक्यं बोलायला लावली. मी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसानंतर घराबाहेर मी ‘काहून’ म्हटलं नाही, ‘मले’ नाही की ‘तुले’ नाही. वर्षभरात माझं बोलणं इतकं धुऊन निघालं की आई म्हणायची, “आता तुह्यासंग बोलाले मले भेव वाटते वं.” मला ती शाबासकी वाटायची.

आमच्या घरापासून दोन दारं सोडून दादा राहायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. शाळा दुसरीपर्यंत. मागावर बसून बसून डावा खांदा जरा वर गेलेला, त्यामुळे माणूस सदा काही तरी विचारतोय असं वाटायचं. त्यांना कोणी पुढारी नेमलं नव्हतं. झालं असं, की सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुनीमानं एका म्हातारीचं लुगडं ‘खोट आहे’ म्हणून परत केलं आणि तिची मजुरी कापली. दादांनी ते लुगडं खांद्यावर टाकलं आणि वस्तीत दारोदार फिरले. प्रत्येक बाईपुढं ते उलगडायचे आणि म्हणायचे, “पाह्य बरं वं, खोट सापडते का?” कोणालाच सापडेना. मग दादा त्या सगळ्या बाया घेऊन इतवारीतल्या पेढीवर गेले आणि मुनीमाला म्हणाले, “आमाले अडाणी लोकाइले खोट नाही दिसली. तुमी दाखवा, आमी शिकतो.” मुनीम घामाघूम. मजुरी मिळाली. त्या दिवसापासून वस्तीत कुठं काही अडलं की लोक म्हणायचे, दादाले विचारा.

पुढं मी सुट्टीच्या दिवसांत दुपारी, माग थांबायचे त्या वेळी, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायला लागले. दादा पहिल्या रांगेत. त्यांना लिहायला शिकायचं होतं, कारण सभेची चिठ्ठी दर वेळी दुसऱ्याकडून लिहून घेणं त्यांना आवडत नव्हतं. रोज यायचे ते एकाच वाक्यानं, “काय करून राहिली वं मास्तरीण?” अक्षरं त्यांनी महिन्यात उचलली. अडले ते पुढं. पाटी घेऊन बसायचे आणि विचारायचे, “पण लिहू काय? कागदावरची भाषा मले येत नाही.”

मी तेव्हा एकवीस वर्षांची. कोर्समध्ये शिकवलेलं एक वाक्य माझ्यापाशी तयार होतं. मी म्हणाले, “दादा, जसं बोलता तसं लिहा. बोलणंच कागदावर ठेवायचं, दुसरं काही नाही.”

“एवढंच?” दादा लहान मुलासारखे खुलले. “मंग सोपं हाये.”

मी त्यांना असं सांगितलं खरं, पण मी स्वतः तसं करत नव्हते हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

साठचं दशक संपायला आलं होतं. मी धरमपेठेतल्या एका शाळेत लागले होते आणि तिथंच खोली घेऊन राहत होते. शाळेतल्याच एका ओळखीनं मी एका गटात जाऊ लागले. गटाला क्रांती करायची होती, आणि ती विणकरांच्या वस्त्यांतून सुरू होणार हेही ठरलेलं होतं. ते ठरवायला आम्ही दर रविवारी धरमपेठेत एका प्राध्यापकांच्या बंगल्यावर जमत असू. प्राध्यापक नुकतेच बदलून आलेले, माणूस सज्जन, पण नागपुरात त्यांचं बोलणं व्हायचं ते फक्त गड्याशी, तेही हिंदीत. मी तिथली एकटी बाई, म्हणून चहाही माझ्याकडं आणि इतिवृत्तही माझ्याकडं. माझं अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणत. दादांना गटात मीच आणलं. गटाला हवा होता तसा माणूस आयता मिळाला. पहिल्या वर्षी त्यांच्याबद्दल बोलताना सगळ्यांच्या आवाजात भाविकपणा असायचा.

मग व्यापाऱ्यांनी पुन्हा मजुरी कापली आणि दादांनी वस्तीतले माग बंद केले. एकही धोटा वाजत नव्हता. मी माहेरी गेले की त्या शांततेची सवयच व्हायची नाही, वडील नुसते मागाच्या कडेला बसून हातावर हात चोळायचे. चौथ्या आठवड्यात मोर्चा निघाला आणि पोलिसांनी दादांना उचललं. खटला वगैरे काही नाही. एक हमीपत्र होतं, पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही असं. त्याच्यावर सही केली की घर, नाही केली की तुरुंग.

दादा आत गेले आणि इकडं गटाला प्रश्न पडला, की हा माणूस पुढारीपणाला खरोखर लायक आहे का. वाचताना हसू येईल, मलाही आता येतं, पण त्या वेळी तो फार गंभीर प्रश्न होता. त्यावर चर्चा करायला पुण्याहून गटाचे प्रमुख आले. आम्ही त्यांना सर म्हणत असू. मृदू बोलणारे, खादीचा पांढरा सदरा, चार पुस्तिका लिहिलेल्या. मुंबईहून एक वकील आले, कामगारांचे खटले लढवणारे. तिसरे घरमालक प्राध्यापक. चौथी मी, लिहायला.

बैठकीच्या दिवशी सकाळी दादांची बायको माझ्या खोलीवर आली. तिला मी वहिनी म्हणत असे. महालातून धरमपेठेपर्यंत एप्रिलच्या उन्हात पायी आलेली. तुरुंगातून सुटलेल्या कोणी तरी लंगोटीत लपवून आणलेलं दादांचं पत्र तिच्या हातात होतं. पत्र माझ्या नावानं होतं, कारण त्यांना लिहायला मी शिकवलं होतं आणि वहिनीला वाचता येत नव्हतं. मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजही ते पाठ आहे.

‘मास्तरीणबाईले नमस्कार. मी बरा आहो. उन्ह बहुत हाये. साहेब रोज कागद घेऊन येते. म्हणते सही कर अन् घरी जाय. मी सही करून नाही राहिलो. काळजी करू नका. माग बंद ठेवजा. घरी सांगजा.’

ठळक, गोल, मागाच्या फणीसारखी एकसारखी अक्षरं. एकही काना चुकलेला नव्हता. मला मास्तरीण म्हणून आनंद झाला.

वहिनीनं एवढंच विचारलं, “नाही करून राहिले न सही?”

“नाही करून राहिले,” मी म्हणाले. तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप घरी जायची.

“मंग ठीक हाये,” म्हणाली. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि आली तशी उन्हात निघून गेली. ते पत्र तिनं माझ्यापाशीच ठेवलं, बैठकीत दाखवायला.

दुपारी बंगल्याच्या हॉलमध्ये वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. गडी बाहेरून त्यांच्यावर पाणी मारायचा आणि आत गार, सुवासिक वारा यायचा. सर आल्या आल्या मला म्हणाले, “तुमचं मराठी ऐकून वाटत नाही हो तुम्ही इकडच्या आहात.” मी लाजले. खोटं कशाला सांगू, मी सुखावले.

चर्चा चार तास चालली. सर एकेक मुद्दा हळुवारपणे मांडायचे, कोणाला लागू नये अशा बेतानं. पुढाऱ्याला दिशा हवी, दिशेला अभ्यास हवा, आणि या गृहस्थांनी गटानं दिलेलं एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. शिस्त नाही. माग बंद असताना तीन घरांत आजारपण होतं म्हणून त्यांनी स्वतः तिथले माग चालू ठेवायला सांगितले. सभेत बोलत नाहीत, लोकांच्या ओसरीवर जाऊन बसतात. निर्णय घेण्याआधी बायकांना विचारतात. वकील दादांच्या बाजूनं भांडले. ते म्हणाले, “लोक त्यांचं ऐकतात. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, ही गोष्ट शिकवून येत नाही.” प्राध्यापकांनी एकदा इकडं मान हलवली, एकदा तिकडं.

मी लिहीत होते. आणि इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सरांचं म्हणणं मला पटत होतं. दादा या हॉलमध्ये एकदा आले होते, तेव्हा खुर्चीवर न बसता दाराशी उकिडवे बसले होते आणि सरांना ‘तुमी’ म्हणाले होते. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. माझ्याच गल्लीतला माणूस सगळ्या वस्तीचा पुढारी, याचा अभिमान होता, पण तो पुढारी जरा धुतलेला, जरा माझ्यासारखा असता तर बरं असं मला मनापासून वाटायचं. बोलेल त्याची बोरं विकतील म्हणतात, आणि दादांचं बोलणं मला कुठं नेऊन मांडण्यासारखं वाटत नव्हतं.

पाच वाजता प्राध्यापक वकिलांकडं झुकले आणि दादांच्या बाजूनं दोन विरुद्ध एक असं काही तरी अर्धवट झालं. सर म्हणाले, वकिलांचा मुद्दाही विचारात घेऊ, तूर्त त्यांनाच ठेवू. मी हुश्श केलं. आणि मग दादांची बाजू आणखी भक्कम व्हावी म्हणून मीच पर्समधून ते पत्र काढून सरांच्या हातात दिलं. हात दाखवून अवलक्षण दुसऱ्या कशाला म्हणतात मला माहीत नाही.

सरांनी चष्मा पुसला आणि पत्र मोठ्यानं वाचलं. अडखळत, जणू परक्या भाषेतलं वाचत असावेत तसं. “साहेब रोज कागद घेऊन येते... म्हणते सही कर अन् घरी जाय. मी सही करून...” ते थांबले. “मी सही करून... नाही राहिलो.” पुन्हा एकदा मनात वाचलं. पत्र गुडघ्यावर ठेवलं.

“सही करून मोकळे झाले,” ते म्हणाले. “राहिले नाहीत.”

बाहेर गडी ताटीवर पाणी मारत होता. मला पहिल्यांदा हसू आलं, अगदी खरंखुरं हसू, वर्गात मुलानं काही तरी भलतंच वाचल्यावर येतं तसं. आता मी सांगणार आणि सगळे हसणार. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात वाक्य मनात जुळवायला लागले आणि त्याची सुरुवात होत होती ‘आमच्यात’ या शब्दानं. आमच्यात असं म्हणतात. त्या बंगल्यात मी कधी ‘आमच्यात’ म्हटलं नव्हतं. दुपारी सर जे म्हणाले ते अजून कानात होतं. मी लेखणीची शाई बघत बसले.

त्या दोन क्षणांत बाकीच्यांची गाडी पुढं गेली. वकिलांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मी सकाळी तुरुंगाच्या दारावर भेटायला गेलो होतो. तिथं सांगितलं, तो माणूस इथं नाही. मला वाटलं टाळताहेत.”

“पत्रावर तुरुंगाचा शिक्काही नाही,” सर म्हणाले. “आणि बघा, स्वतः सही करून वर लोकांना सांगताहेत माग बंद ठेवा. घरी निरोप द्या म्हणताहेत, म्हणजे घरीही गेलेले नाहीत. कुठं तरी दडून बसलेत.” त्यांचा आवाज दुखावलेला होता, त्यात आनंद मुळीच नव्हता. हे मी मुद्दाम सांगते. ती माणसं वाईट नव्हती.

मग मीही स्वतःला सांगू लागले, की दारावर नाहीत म्हणाले, तर खरंच सुटले असतील. कोण जाणे, दादांना तसंच म्हणायचं असेल. सकाळी त्याच तोंडानं मी वहिनीला ‘नाही करून राहिले’ म्हणाले होते आणि संध्याकाळी मूग गिळून बसले. सरांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘हमीपत्रावर सही करून बाहेर पडल्याचे त्यांच्याच पत्रावरून स्पष्ट होते. सबब ते नेतृत्वास पात्र नाहीत.’ अक्षर मोत्यासारखं. पत्र फायलीला लावलं.

‘ध’चा ‘मा’ करायला निदान शाई तरी लागली होती. मला तेवढीही लागली नाही, मी नुसती गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. त्याची स्टेन्सिल मीच कापली. वस्तीत पत्रक वाटलं गेलं तेव्हा लोक म्हणाले, हे होऊच शकत नाही. पण पत्रकात लिहिलं होतं, त्यांच्याच हातचं पत्र आहे. मूळ पत्र कोणाला दाखवलं गेलं नाही. वस्तीतल्या कुठल्याही माणसानं ते एकदा पाहिलं असतं तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. ते धरमपेठेत लोखंडी कपाटात होतं.

वहिनी पुन्हा आली. या वेळी पाणी घेतलं नाही, दारातच उभी राहिली. “तूनं तं मले वाचून दाखवलं होतं वं. नळावर बाया म्हणते, बाईनं तुह्यं मन राखासाठी तसं वाचलं. खरं सांग मले. काय लिवलं होतं?”

मी म्हणाले, “वहिनी, कागद आता माझ्याकडं नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याशी शुद्ध बोलले होते. तेवढ्यावरून तिला जे समजायचं ते समजलं असावं. ती गेली, आणि मी शाळेच्या वेळेवर शाळेत गेले.

गटानं दुसरा पुढारी पाठवला, मुंबईचा, तडफदार. त्यानं चौकात दोन भाषणं केली. लोकांनी ऐकून घेतली आणि बाराव्या दिवशी एका घरात धोटा वाजला. मग पलीकडच्या. आठवडाभरात सगळे माग चालू, व्यापाऱ्यांनी दिली त्या मजुरीवर. वडील मागावर बसले तेव्हा मी तिथं होते. ते मला म्हणाले, “दादानं सही केली, तं आपण कोणासाठी थांबाचं?” तेव्हा तरी बोलायचं. माझ्या सख्ख्या बापाजवळ, घरच्या बोलीत, चार भिंतींच्या आत. नाही बोलले. त्याआधी गप्प बसले होते म्हणून आता बोलणं आणखी कठीण, असं ते रोज एक एक दिवसानं वाढत गेलं.

पावसाळा सरता सरता दादा आले. दूरच्या एका जिल्ह्यातल्या तुरुंगातून. बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांना तिकडं हलवलं होतं, म्हणून दारावर ‘इथं नाही’ म्हणाले होते. सही त्यांनी शेवटपर्यंत केली नव्हती, मुदत संपली म्हणून सोडलं. स्टेशनवरून चालत आले, तर वस्तीत माग वाजत होते. पुढं काय झालं ते मी ऐकीव सांगते, कारण मी माहेरी जायचं टाळलं. लोकांनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत की विचारलंही नाही. दादा खरंच आत होते हे कळल्यावर तर सगळ्यांची मान खाली गेली, आणि मान खाली घालून माणूस दुसऱ्याच्या दाराशी जात नाही. बघता बघता त्यांच्या ओसरीवर कोणी येईनासं झालं. गटाला मी कळवलं. पुण्याहून दोन ओळींचं कार्ड आलं, ‘माहितीत काही त्रुटी राहिली असावी. तथापि परिस्थिती आता बदललेली आहे.’ वर्षभरात गटही विस्कटला. क्रांतीचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंच आहे.

या सगळ्यावर मी आयुष्यभर विचार केला. दादा पुढारीपणाला लायक होते का? मला माहीत नाही. कदाचित नसतीलही. त्या तीन घरांतले माग चालू ठेवले ते चुकलं असेल, पुस्तकं वाचायला हवी होती हेही असेल. पण त्यांची परीक्षा घ्यायला जे चौघं बसलो होतो, त्यांतल्या तिघांना त्यांचं एक वाक्य वाचता येत नव्हतं आणि चौथीला येत होतं तर ती बोलत नव्हती. एवढ्या भांडवलावर आम्ही निकाल दिला. राग येतो मला, अजून येतो. सरांचा कमी. त्यांना बिचाऱ्यांना येतच नव्हतं.

सत्तरचं दशक संपता संपता वस्तीतले माग एकेक करून बंद पडले, या वेळी कोणी न सांगता. दादांच्या मुलानं नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेतल्या आणि दादा तिकडं गेले. वहिनी त्याआधीच गेली होती. मी तिच्या मातीला गेले नाही. पुढं दोन-चार वर्षांनी त्यांचा नातू शाळेत मला शोधत आला. म्हणाला, आजोबांनी बोलावलंय, एक अर्ज लिहायचा आहे.

मी गेले. दुपारची वेळ. दादा दाराशी खाटेवर बसले होते. डावा खांदा तसाच वर, बाकी माणूस निम्मा झालेला. मला पाहून म्हणाले, “काय करून राहिली वं मास्तरीण?” जणू मधली वर्षं गेलीच नव्हती.

म्हाताऱ्या विणकरांसाठी सरकारची काही मदत होती, तिचा छापील अर्ज त्यांच्या हातात होता. मी म्हणाले, “दादा, तुम्हाला तर येतं लिहिता. मीच शिकवलंय.”

“येत होतं. सोडलं,” म्हणाले. “माह्या हातचं लोकाइले समजत नाही. तूच लिव.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला झेपला असता. मी लिहायला घेतलं. नाव, वय, किती वर्षं माग चालवला. एका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय हाये?”

“अर्जदाराची पात्रता.”

“म्हणजे लायक हाये का नाही ते?” दादा हसले. “ते तं तुमचं धरमपेठेत ठरलं होतं न.”

माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी मी एकदम बोलले, आणि कशी कोण जाणे, घरच्या बोलीत बोलले. “दादा, मले समजलं होतं. त्या दिवशी. तुमी काय लिवलं ते मले समजलं होतं.”

“तुले नाही समजन तं कोणाले समजन?” ते म्हणाले. “मले मालूम हाये. पयल्या दिवसापासून मालूम हाये.”

“मंग कधी काहून नाही म्हणले?”

ते रस्त्याकडं बघत होते. तसंच बघत म्हणाले, “तुह्या वहिनीनं विचारलं होतं तुले. तवा सांगाचं होतं वं. मले सांगून आता काय करू मी त्याचं?”

मला रडूही आलं नाही. मी खाली मान घालून अर्ज पुरा केला. ‘सदर अर्जदार योजनेस पात्र असून’ वगैरे, सगळं स्वच्छ, शुद्ध. एकही शब्द त्यांचा नव्हता. वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाले. न वाचताच कागद गुडघ्यावर घेतला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वाकून, अक्षर अक्षर जोडत, खाली नाव लिहायला लागले.

“पाह्य,” मान वर न करता म्हणाले, “सही करून राहिलो.”